नवरा चित्रकार होता. त्याची आठवण राखायची म्हणजे नेमके काय राखायचे?

पाठकोरी
नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझा नवरा चित्रकार होता. चार वर्षांपूर्वी गेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चा नावावर नको, प्रश्नावर हवी आहे. मागे राहिली ती ३४० च्या आसपास तैलचित्रे, ट्रंका भरून कागदावरची कामे, ६२ स्केचबुके आणि रोज रात्री लिहिलेल्या वह्या.

गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी लागोपाठ झाल्या.

एका गॅलरीने त्याचे प्रदर्शन भरवले. चित्रे एका संग्राहकाची होती. मला बोलावणे आले ते उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. आत शिरताच भिंतीवर मोठ्या अक्षरांत मजकूर, की हा दारूने गिळलेला प्रतिभावंत. तो प्यायचा, खोटे कशाला बोलू? सहा वर्षे प्यायचा आणि ती सहा वर्षे आम्ही कशी काढली ते आमचे आम्हाला ठाऊक. पण त्यानंतर एकोणीस वर्षे त्याने थेंबालाही हात लावला नाही. भिंतीवरची निम्मी चित्रे त्या एकोणीस वर्षांतली. मजकुरात त्या वर्षांचा उल्लेखच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्याची एक सवय होती. चित्र फसले असे वाटले की ते पालथे घालायचा आणि मागच्या कॅनव्हासवर कोळशाने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायचा. म्हणजे हे बाद. फाडायचा मात्र नाही, कॅनव्हास पुन्हा वापरता येतो म्हणून. प्रदर्शनात अशी चार चित्रे होती. मी पाहताक्षणी ओळखली. तिथल्या मुलाला विनंती केली, त्याने एक चित्र खिळ्यावरून अलगद काढून माझ्यासमोर धरले. मागे रेघ नव्हती. कोणीतरी पुसली होती. पण कॅनव्हासच्या विणीत, धाग्याधाग्यांच्या मधे कोळशाची पूड अडकून बसली होती आणि रेघेची वाट तिरपी, स्पष्ट दिसत होती. बोट फिरवले तर टोक काळे झाले.

तिसरी गोष्ट म्हणजे त्याच्यावर काम करणाऱ्या एका संशोधक मुलीला वह्या वाचायच्या आहेत. वह्यांत चित्रांविषयी खूप आहे. माझ्याविषयी आहे, लेकीविषयी आहे आणि आणखी एका बाईविषयीही आहे. लेक म्हणते, आई, जाळून टाक. ते माझ्याने होत नाही, आणि उचलून देववतही नाही.

मी नेमके काय राखायचे? कुठपर्यंत जाण्याचा मला हक्क आहे? रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटते, मी त्याला जपतेय की माझ्या मनातल्या त्याला?

गेरू
ताई, वाचून गलबलले. एकच विचारते, सगळ्या कामांची यादी आहे का? फोटोंसकट? नसेल तर आधी ती, बाकी सगळे नंतर.

सरळरेषा
गॅलरीला पत्र लिहा. रागाचे नको, तारखांचे लिहा. कोणत्या वर्षी सुरू झाले, कोणत्या वर्षी सुटले, भिंतीवरचे कोणते चित्र कोणत्या वर्षीचे. दारूचा उल्लेख काढा असे म्हणू नका. तसे म्हटलेत की "बायको लपवतेय" एवढेच लोकांच्या लक्षात राहील. एकोणीस वर्षे जोडा असे म्हणा. ते नाकारायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही.

कोळसा
मी स्वतः चित्रे काढतो, म्हणून बाद चित्रांबद्दलच बोलतो. मी एखादे चित्र बाद करतो तेव्हा रात्रभर त्याच्याशी भांडून झालेले असते. तो निर्णय चित्राइतकाच माझा असतो. कोणी माझ्या माघारी ती रेघ पुसून चित्र विकले, तर माझी सही खोटी करण्यासारखेच आहे ते. ताई, ही चार चित्रे उतरवायलाच लावा. इथे मऊ पडू नका.

गेरू
+१

साठवण
मी कागदपत्रे जतन करण्याचे काम करते, त्यामुळे असे प्रसंग पाहिले आहेत. या विषयात पहिले नाव आठवते ते योहाना व्हान गॉख-बोंगर हिचे. नवरा जानेवारी १८९१ मध्ये गेला तेव्हा पदरात वर्षाचे मूल, आणि घरात शेकडो चित्रे, ज्यांना तेव्हा बाजारात फारशी किंमत नव्हती. तिने बुसुम गावी घर घेऊन खोल्या भाड्याने दिल्या, भाषांतरे केली, चित्रे त्याच घराच्या भिंतींवर लावली. १९०५ साली आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये ४७० हून अधिक कामांचे प्रदर्शन भरवले. १९१४ साली पत्रे छापली. आज जगाला ठाऊक असलेला व्हान गॉख हा बराचसा तिच्या चिकाटीने उभा राहिलेला आहे.

सरळरेषा
पण योहाना ही थिओची बायको. थिओचा भाऊ व्हिन्सेंट हा चित्रकार, त्याची ती वहिनी. ती नवऱ्याची नव्हे, दिराची आठवण राखत होती. फरक मोठा आहे. दिराच्या पत्रांत "आणखी एक बाई" निघाली तर वहिनीला रात्री झोप लागते.

साठवण
बरोबर, वहिनी. पण तीही सगळे उघडे करू शकली नाही, बरे का. १९१४ च्या आवृत्तीत तिने काही मजकूर गाळला, काही माणसांची नावे नुसत्या आद्याक्षरांवर आणली. ती माणसे किंवा त्यांचे नातलग तेव्हा हयात होते. महत्त्वाचे हे की मूळ पत्रांना तिने काडी लावली नाही. म्हणून २००९ साली सगळी पत्रे संपूर्ण, टिपांसह प्रसिद्ध होऊ शकली. आज झाकणे आणि कायमचे नष्ट करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ताई, लेकीला एवढे तरी सांगाच.

शाईचा डाग
आमच्या सासऱ्यांच्या वह्यांना कुलूप लागत नाही. अक्षर असे की आठवड्याने त्यांचे त्यांनाही लागत नसे. (दिवा घ्या.)
ताई, हसवायला लिहिले, पण तुमच्या पोस्टमधले शेवटचे वाक्य दिवसभर डोक्यात आहे.

कलम बहाद्दर
वकिली करतो, म्हणून कायद्याचे थोडे. देशोदेशी तपशील बदलतो, तुमच्या ठिकाणचा वकील गाठाच.

चित्र विकले म्हणजे कॉपीराइट विकला असे होत नाही. कॅनव्हास संग्राहकाचा. त्या चित्राचे पुनर्मुद्रण करण्याचा हक्क, लेखी करून दिला नसेल तर, वारसाचा. म्हणजे गॅलरीने पुस्तिका छापली असेल, पोस्टकार्डे काढली असतील तर तुमची परवानगी लागते. ही मुदत बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) कलावंताच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे. भारतात ६०, युरोपीय संघात ७०.

दुसरा असतो नैतिक हक्क. बर्न करारात तो १९२८ साली आला. काम माझे आहे असे सांगण्याचा आणि माझ्या लौकिकाला बाधा येईल असा त्यात फेरफार झाला तर हरकत घेण्याचा हक्क. फ्रान्समध्ये तो कधीच संपत नाही, वारसांकडे जात राहतो. इतरत्र मर्यादा आहेत.

मात्र स्वतःच्या मालकीचे चित्र भिंतीवर टांगू नको असे संग्राहकाला सांगणे बहुतेक ठिकाणी अवघड. कोळसा, तुमची भावना कळते, पण "उतरवायलाच लावा" हे न्यायालयात टिकेलच असे नाही. रेघ पुसली गेली हा मुद्दा वजनदार आहे. ती कोणी पुसली हे दाखवावे लागेल. त्या चार चित्रांच्या पाठींचे फोटो आहेत का?

बदनामीबद्दल: इंग्लंडच्या कायद्यात मृताची बदनामी होत नाही. भारतात मृतावरचा असा आरोप, जो त्याच्या जवळच्यांच्या भावना दुखावण्यासाठी केला असेल, तो फौजदारी बदनामीत बसू शकतो. पण तुमच्या प्रकरणात प्यायचा हे खरे आहे. त्या वाटेने जाऊ नका. हातात काही पडणार नाही आणि चार वर्तमानपत्रे फक्त दारूवर मथळे करतील.

पाठकोरी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतके लोक वाचतील असे वाटले नव्हते.

यादी अर्धवट आहे. तैलचित्रांची त्याने स्वतः एका लांबट वहीत ठेवली होती, शेवटची दोन वर्षे रिकामी. कागदावरच्या कामांची नाही.

पाठीचे फोटो मी त्या दिवशी एकाच चित्राचे काढले. उजेड कमी होता, पण पूड दिसते. ती चार चित्रे पिण्याच्या काळातली. तेव्हा स्टुडिओला कुलूप नसे, कोणीही येई, काहीही उचलून नेई. त्याने स्वतःच कोणाला दिली असतील तर? हाच विचार मला गप्प बसवतो.

साचा
दुसरी बाजू सांगतो. वडील शिल्पकार होते. आई त्यांच्यामागे बावीस वर्षे जगली आणि ती सगळी वर्षे पहाऱ्यावर होती. लेख लिहायचा असेल तर आधी तिला दाखवा. "महान" शब्द नसेल तर फोटो मिळणार नाही. एकाने चरित्र लिहायला घेतले होते, दोन वर्षे राबला. आईने तिसरे प्रकरण वाचले आणि कागद परत मागितले. त्याने काम सोडले. मग दुसरा कोणी आलाच नाही.

प्लास्टरचे साचे एका खोलीत बंद. कोणी नक्कल करील या भीतीने खिडकीही उघडायची नाही. आई गेल्यावर मी ती खोली उघडली. एक साचा उचलायला गेलो तर कडा हातात आली, ओल्या खडूसारखी. २६ साच्यांपैकी नऊ वाचले. आज वडिलांचे नाव शोधले तर एका जाड ग्रंथात दोन ओळी सापडतात, त्यातही जन्मसाल चुकलेले.

आईने हे प्रेमानेच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच लिहितोय. ताई, त्या संशोधक मुलीला दारातून परत पाठवू नका.

गेरू
साचा, "ओल्या खडूसारखी" वाचून हात थबकला.

दुसरी सही
अवांतर वाटेल, पण ताई, तुम्ही स्वतः काय करता? तुमच्या लिहिण्यात "विणीत अडकलेली पूड" ज्या तऱ्हेने आली ते चित्र काढणाऱ्याच्या डोळ्याचे आहे.

ली क्रास्नरची आठवण झाली. तिचा नवरा, अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक, ऑगस्ट १९५६ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना अपघातात गेला, तेव्हा ती युरोपात होती. परत आली आणि पुढची २८ वर्षे त्याचा सगळा पसारा सांभाळला. चित्रे एकदम बाजारात ओतली नाहीत, थोडीथोडी, जागा बघून दिली. १९७८ साली त्याच्या कामांची चार खंडांची सटीक सूची निघाली. दारू तिने लपवली नाही, लपण्यासारखी नव्हतीच. पण चित्रांवर तारखा पक्क्या आहेत म्हणून आज कोणालाही बघता येते की १९४८ ते १९५० या काळात तो दारूपासून लांब होता, आणि ज्यांनी त्याचे नाव झाले ती मोठी ठिबकचित्रे (रंग ठिबकवून केलेली) बहुतांशी त्याच काळातली आहेत. सरळरेषा म्हणतात तेच. तारखा बोलतात.

पण क्रास्नर स्वतः मोठी चित्रकार होती आणि लोक तिला पोलॉकची बायको म्हणत राहिले. तो गेल्यावर ती त्याच्या कोठारातल्या स्टुडिओत रंगवायला लागली आणि तिची मोठी चित्रे तिथे झाली. आठवण राखताना राखणारी पुसली जाऊ नये, एवढेच वाटते.

पाठकोरी
दुसरी सही, तुम्ही नेमके बोट ठेवलेत. आम्ही एकाच वर्गात होतो. मी जलरंगात काम करायचे. लेक झाल्यावर सुटले. तो गेल्यापासून त्याची पॅलेट मात्र दर आठवड्याला मी साफ करते, वापरत नाही तरी.

दुसरी सही
पुढच्या आठवड्यात वापरून साफ करा.

कोळसा
साचा यांचा अनुभव वाचून मी हललो. तरी बाद चित्रांवर ठाम आहे. अभ्यासाला दाखवा, विक्रीला नको.

छापखाना
कोळसा, थोडा वाद घालतो. फ्रेंच चित्रकार देगा १९१७ साली गेला तेव्हा स्टुडिओत मेण-मातीची दीडशेच्या आसपास शिल्पे सापडली. हयातीत त्याने त्यातले प्रदर्शनात मांडले ते एकच, १८८१ साली. वारसांनी सत्तरहून अधिक शिल्पे ब्राँझमध्ये ओतवून घेतली. वारसांनी कलावंताची इच्छा काटेकोर पाळली असती तर घोडे आणि नर्तकी आज कुठे बघितल्या असत्या?

कोळसा
देगाने त्यांच्यावर रेघ मारली नव्हती. न दाखवणे आणि बाद करणे एक नव्हे.

छापखाना
मान्य, तो फरक खरा आहे. मग माझ्या कामातली गोष्ट सांगतो. मी मुद्राचित्रे करतो. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की धातूच्या प्लेटवर आरपार ओरखडा मारून ती रद्द करायची, ही जुनी रीत. तरी रद्द प्लेटांवरून नंतर ठसे काढले जातात, विकलेही जातात. पण तिथे फसवणूक होत नाही, कारण ठशात तो ओरखडाही छापला जातो. बघणाऱ्याला प्रतिमा दिसते आणि कलावंताचा नकारही दिसतो.

ताई, त्या चार चित्रांना हीच वागणूक मागा. लावायची तर शेजारी पाठीचा फोटो लावा आणि लिहा, की कलावंताने हे चित्र कोळशाच्या रेघेने बाद केले होते, रेघ नंतर पुसली गेली आहे.

कोळसा
हे मला पटले. रेघ परत चित्रावर आली म्हणजे माझे भांडण संपले.

कलम बहाद्दर
उत्तम. मागणी म्हणूनही ही सोपी आहे. कोणावर आरोप नाही, नुसती वस्तुस्थिती. पत्रात "कोणी पुसली" हा शब्दच आणू नका.

वाळूचे घड्याळ
बायकोच राखते असेही नाही. गाब्रिएल म्युंटर ही चित्रकार कांडिन्स्कीची सहचरी. तो तिला सोडून गेला, दुसरे लग्न केले. तरी त्याची चित्रे तिने म्युर्नाऊच्या घरात, तळघरात, नात्सी राजवटीभर लपवून सांभाळली. सापडली असती तर चित्रेही गेली असती आणि तीही अडचणीत आली असती. १९५७ साली, ऐंशीव्या वाढदिवसाला, तिने तो सगळा साठा म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाला दिला. इकडे पॅरिसमध्ये नीना, त्याची विधवा, १९८० पर्यंत तिच्याकडची चित्रे सांभाळत होती, ती पाँपिदू केंद्राला मिळाली. कांडिन्स्की समजायचा तर आज दोन्ही ठिकाणी जावे लागते.

ताई, "आणखी एका बाई"कडेही काही चित्रे, पत्रे असतील. हे लिहिताना मला संकोच वाटतोय, पण यादीत ती आली नाहीत तर यादी तोकडी राहील.

शाईचा डाग
वाळूचे घड्याळ, हे लिहायला धीर लागतो.

पाठकोरी
वाचले. आज उत्तर देत नाही.

टिपण
ज्यांना इतरांचे कागद वाचायचे असतात त्यांच्या बाजूने बोलते, कारण मीही संशोधन करते. आम्ही चुलीतली राख उकरायला येत नाही. बहुतेक वेळा आम्हाला हवे असते ते अगदी साधे: हे चित्र कोणत्या महिन्यात सुरू झाले, हा पिवळा कुठून आला, मधे चार महिने काम का थांबले.

वह्या देताना मुदत घालता येते, हे अनेकांना माहीत नसते. चित्रांविषयीची पाने आज खुली, घरातली पाने ठरावीक तारखेपर्यंत बंद. मात्र तारीख आकड्यांत लिहा. "योग्य वेळ येईल तेव्हा" असे लिहिले की ती वेळ कधी येत नाही. मूळ वही फाडून वेगळी करू नका, स्कॅनच्या दोन प्रती करा, एक संपूर्ण आणि एक झाकलेली. झाकले आहे तिथे काळा पट्टा दिसू द्या. गुपचूप वगळलेले पान सापडले की उरलेल्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडतो.

आणि त्या मुलीला आधी तुमच्यासमोर बसून एक वही वाचू द्या. माणूस कळतो.

साठवण
टिपण यांना पूर्ण अनुमोदन.

यादीचे काम कसे करायचे ते लिहून ठेवते, इतरांनाही उपयोगी पडेल. प्रत्येक कामाला क्रमांक. फोटो समोरून, मागून, आणि सही जवळून. फोटोत रंगांची पट्टी आणि मोजपट्टी ठेवा. माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. मागच्या बाजूचे प्रत्येक लेबल, खूण, खिळ्याचे जुने भोक नोंदवा, कारण चित्राचा प्रवास पाठीवर लिहिलेला असतो. कागदावरची कामे आम्लमुक्त कागदात, सपाट, अंधारात. चिकटपट्टी कधीही नाही. क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीने, मागच्या कडेला.

निवडू नका. चित्रकार ओ'कीफने तिचा नवरा, छायाचित्रकार स्टिग्लिट्झ गेल्यावर त्याची छायाचित्रे लावायला घेतली, तिला जवळपास तीन वर्षे लागली. त्याच्याजवळ उरलेल्या प्रत्येक छायाचित्राचा उत्तमातला उत्तम ठसा तिने एकत्र ठेवला आणि १९४९ पासून तो संच वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिला, एकूण १,६४२ छायाचित्रे. तिच्या नजरेने फक्त सुंदर पन्नास काढली असती तर आपल्याला स्टिग्लिट्झ नव्हे, ओ'कीफची आवड दिसली असती.

सरळरेषा
एक धोक्याची सूचना. उद्या लोक चित्र घेऊन दारात येतील, "हे खरे का, लिहून द्या". लिहून देऊ नका, आणि "खोटे आहे" असे तर मुळीच नको. अमेरिकन चित्रकार वॉरहॉलच्या चित्रांचा खरेखोटेपणा ठरवणारे मंडळ खटल्यांच्या खर्चाने वाकले आणि २०१२ साली बंद झाले. "आमच्या सूचीत याची नोंद नाही" एवढे उत्तर पुरे.

कलम बहाद्दर
बरोबर. आणि सगळे अधिकार एकाच माणसाच्या किंवा एकाच विक्रेत्याच्या हाती सोपवू नका. अमेरिकन चित्रकार रॉथको १९७० साली गेला, सहा महिन्यांत बायकोही गेली. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी ७९८ चित्रे एका गॅलरीशी कमी भावात करारबद्ध केली, तीही अशी की व्यवस्थापकांचे स्वतःचे हितसंबंध त्यात गुंतलेले. मुलगी कोवळ्या वयात न्यायालयात उभी राहिली आणि १९७५ साली जिंकली.

गेरू
विकिपीडियावर लेख आहे का त्याच्यावर? तिथे बहुधा तोच दारूचा मजकूर जाईल.

टिपण
असला तर ताईंनी स्वतः तो बदलू नये. जवळच्या नात्यातल्या माणसाने चर्चापानावर जाऊन, आपण कोण ते सांगून, दुरुस्ती सुचवावी आणि छापील आधार द्यावा. प्रदर्शनाची पुस्तिका, जुने परीक्षण, काहीही चालते. आणि मोठे फोटो मुक्त परवान्याखाली चढवण्याआधी दहादा विचार करा, तो परवाना मागे घेता येत नाही.

शाईचा डाग
परवा एकाने यंत्राला सांगून आमच्या ओळखीच्या एका दिवंगत चित्रकाराच्या "शैलीत" चित्रे काढून घेतली आणि खाली त्यांचे नाव टाकले. हे थांबवता येते का?

कलम बहाद्दर
शैलीवर कॉपीराइट नसतो. पण त्यांचे नाव खाली टाकले असेल तर जे काम त्यांचे नाही ते त्यांच्या माथी मारले, तिथे हरकत घेता येते. परत यादीवरच येतो आपण. यादी पक्की असेल तर "हे त्यातले नाही" हे सांगायला एक ओळ लागते.

पाठकोरी
तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

गॅलरीला पत्र पाठवले. सरळरेषांनी सांगितले तसे, एक पान, सगळ्या तारखा. उत्तर यायला नऊ दिवस लागले. भिंतीवरचे शीर्षक बदलले आहे, खाली एकोणीस वर्षांचा परिच्छेद जोडला आहे. दारू तशीच आहे, असू दे. चार चित्रांपैकी तीन संग्राहकाने काढून घेतली. चौथ्याशेजारी पाठीचा फोटो लावला आहे, छापखाना यांचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे. मी समोर उभी होते तेव्हा दोन विद्यार्थी आले आणि चित्रापेक्षा त्या फोटोकडेच जास्त वेळ बघत राहिले. एक म्हणाली, बाद का केले असेल ते कळतेय, डावीकडचा हिरवा फार मोठ्याने बोलतोय. त्यालाही नेमका हिरवाच खुपायचा.

वह्यांचे सांगते. लेकीला म्हटले, जाळायच्या आधी एक तरी वाचू. तिने तिच्या जन्माच्या वर्षाची काढली. तीन तास वाचत बसलो. त्यात ज्या पानावर तो माझ्याशी फार वाईट वागला ते पान आहे, आणि त्याने स्वतःला त्याबद्दल सोडलेले नाही, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. लेक पान मिटून म्हणाली, आई, हे बंद ठेव, पण ठेव. तिने तारीखही ठरवली, ती साठ वर्षांची होईल ती. चित्रांची पाने संशोधक मुलीला देतोय, ती दर शनिवारी येऊन आमच्यासमोर वाचते.

वाळूचे घड्याळ, त्या बाईंना मी पत्र लिहिले. दोन ओळींचे. त्यांच्याकडे सात रेखाटने आहेत. फोटो त्यांनी स्वतः काढून पाठवले, समोरून आणि मागून. यादीत क्रमांक दिले आहेत, ते देताना हात जड झाला होता, पण दिले.

पॅलेट वापरून साफ केली. अजून दाखवण्यासारखे काही नाही.

यादीत १२७ पर्यंत पोचले. एक अडचण आहे. १२७ च्या पाठीवर त्याच्याच अक्षरात दोन तारखा आहेत, मधे अकरा वर्षांचे अंतर. एक पिण्याच्या काळातली, एक नंतरची. सूचीत कोणती धरू?

साठवण
दोन्ही लिहा. एकाच शाईत आहेत का?

पाठकोरी
नाही. पहिली पेन्सिलीने, दुसरी निळ्या शाईने. आणि पेन्सिलीच्या तारखेखाली कोळशाचे काहीतरी आहे, तिरके. उद्या दिवसाउजेडी भिंग घेऊन बघते.

कोळसा
म्हणजे बाद केलेले अकरा वर्षांनी परत घेतले! फोटो टाका ताई, आम्ही थांबलोय.